सोडून दिलेली मांजरीची पिल्ले : वंध्यीकरण व शस्त्रक्रियेनंतरची निगा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत धान्याचे घर आणि मांजर यांची संगत फार जुनी आहे. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील भाताची कणगी असो अथवा पूर्वेकडील कांद्याची चाळ व बटाट्याची आरण असो, उंदरामागून मांजर आलेच. मांजरास कोणी वैरण घालीत नाही की त्याचा हिशेब ठेवीत नाही. मात्र घरातील भाटी व्याली म्हणजे प्रश्न उभा राहतो. चार-पाच पिल्लांपैकी एखादे घरी राहते; उरलेली पोत्यात घालून ओढ्याकाठी, बाजारतळावर किंवा एखाद्या देवस्थानाच्या पायथ्याशी सोडली जातात. लेण्याद्रीसारख्या यात्रास्थळी भाविकांची वर्दळ बारमाही असल्याने तेथे उष्ट्यावर पिल्ले जगतील, असा सोडणाऱ्याचा समज असतो. तो बहुधा खोटा ठरतो. दूध न तुटलेले पिल्लू उष्ट्या भातावर जगत नाही आणि जे जगते ते सहा महिन्यांत स्वतः व्यावयास लागते.

पाळीव प्राण्यास उपासमारीच्या तोंडी सोडून देणे अथवा त्यास क्रूरपणे मारणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पिल्ले बुडविण्याची चाल काही घरांत अद्याप आहे व ती सांगण्याची कोणास लाजही वाटत नाही, म्हणून हा उल्लेख केला. शिवाय तो उपाय निरुपयोगीही आहे. पिल्ले गेली की भाटी थोड्याच दिवसांत पुन्हा माजावर येते.

मांजरीची उत्पत्ती किती वेगाने होते याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. भाटी वयाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते. गर्भकाल सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि एका वेतात साधारणतः तीन ते पाच पिल्ले होतात. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. समजा, एक भाटी जानेवारीत, मे महिन्यात व सप्टेंबरात अशी तीनदा व्याली व दर वेळी चार पिल्ले झाली, तर वर्षात बारा पिल्ले होतात. जानेवारीच्या वेतातील दोन माद्या जुलैत गाभण राहून सप्टेंबरात व्याल्या, तर आणखी आठ. सर्व जगली तर एका मांजरीची नऊ महिन्यांत एकवीस मांजरे होतात. प्रत्यक्षात एवढी जगत नाहीत. परंतु जी मरतात ती भुकेने, कुत्र्यांच्या तोंडी आणि रोगाने मरतात, आणि मरेपर्यंत गावातच हिंडतात.

या दोन तालुक्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे भाग आहे, ती म्हणजे बिबट्या. उसाच्या फडात राहणाऱ्या बिबट्याचे भक्ष्य म्हणजे रानातील हरणे नव्हेत. लगतच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून जो अभ्यास झाला, त्यात कुत्रा हे त्याचे प्रमुख खाद्य असून त्याखालोखाल मांजराचा क्रम लागतो, असे आढळले. वस्तीभोवती मोकाट कुत्री-मांजरे वाढली म्हणजे बिबट्यास घराजवळ येण्यास कारण मिळते.

पिल्लू कोणाचे, हे आधी पाहावे

ऊसतोडणीच्या हंगामात पाचटाखाली पिल्ले सापडणे ही जुन्नर भागात नित्याची बाब आहे. ती घरी आणण्यापूर्वी ती पाळीव मांजराचीच आहेत याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. बिबट्याचे पिल्लू जन्मतःच अंगाने जाड, पंजे मोठे व जड, आणि अंगावर दाट काळसर ठिपके असलेले असते. वाघाटीचे पिल्लू त्या मानाने अगदी लहान. पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी व कपाळावर पांढरट रेघा असतात. रानमांजराचे, ज्यास काही ठिकाणी बाऊल म्हणतात, पाय लांब असतात व शेपटीच्या टोकाकडे काळी वलये दिसतात. यांपैकी कशाचाही संशय आला तर पिल्लास हात लावू नये. त्या भागातील तोडणी थांबवून वनविभागास, म्हणजे १९२६ या क्रमांकावर, कळवावे. जुन्नर वनविभागात अशी पिल्ले तपासून सायंकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बहुतेक वेळा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले उचलून नेली तर माजलेली मादी फडाभोवती घिरट्या घालीत राहते व तोडणी कामगारांच्या जिवास धोका निर्माण होतो. बिबट्या व वाघाटी दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे, हे वेगळेच.

पाळीव मांजराची पिल्ले असली तरी लगेच उचलू नयेत. आई भक्ष्यासाठी गेलेली असू शकते. पिल्ले गुबगुबीत, उबदार व शांत असतील तर काही तास दुरून पाहावे. थंड पडलेली, सतत ओरडणारी, डोळे चिकटलेली पिल्लेच खऱ्या अर्थाने निराधार समजावीत.

शस्त्रक्रियेपूर्वी

पिल्लाचे वय वजनावरून काढता येते. जन्मतः ते सुमारे १०० ग्रॅम असते व पुढे दर आठवड्यास जवळजवळ तेवढेच वाढते. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात येतात. किराणा दुकानातील वजनकाट्यावर टोपलीसह वजन करून टोपलीचे वजन वजा केले की काम भागते. दोन महिन्यांचे निरोगी पिल्लू एक किलोच्या आसपास भरते आणि तेथून पुढे ते शस्त्रक्रियेस योग्य होते. घरी राहणाऱ्या पिल्लाची शस्त्रक्रिया चौथ्या-पाचव्या महिन्यात केली तरी चालते. मात्र पहिला माज येण्यापूर्वी ती उरकणे इष्ट. ‘एक वेत होऊ द्यावे, मग करावे’ हा समज सर्वत्र ऐकू येतो. त्यास काहीही आधार नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीस स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.

आणलेले पिल्लू दहा-पंधरा दिवस इतर मांजरांपासून वेगळे ठेवावे. या काळात जंतनाशक द्यावे, पिसवा काढाव्यात व पशुवैद्यांच्या सल्ल्याने लसी टोचून घ्याव्यात. पिसवांनी रक्त शोषलेल्या पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसतात. अशा पिल्लास भूल सोसत नाही. येथे एक गोष्ट निक्षून सांगणे जरूर आहे. गुरांच्या गोचिडांवर वापरण्याची डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ इत्यादी औषधे मांजरास लावू नयेत. बैलास जे मानवते ते मांजरास विष ठरते. झटके येऊन ते दगावते. त्याचप्रमाणे शेतात झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवले असेल त्या दिवसांत मांजर कोंडून ठेवावे, कारण विषारी उंदीर खाऊन मांजरे मरतात.

शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यांकडूनच करवून घ्यावी. गावच्या दवाखान्यात मुख्यतः गुरांचे काम चालते व मांजराच्या शस्त्रक्रियेची सोय प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. म्हणून आधी चौकशी करावी. आसपासच्या वस्त्यांतील पाच-दहा मांजरे एकत्र करून एक दिवस ठरविणे सोयीचे पडते व हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्याने अंगावर घेण्याजोगे आहे. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय व मुंबईचे १८८६ मध्ये स्थापन झालेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे लहान प्राण्यांवरील उपचारांची शिकवण दिली जाते.

मोठ्या मांजरास शस्त्रक्रियेपूर्वी सहा ते आठ तास अन्न देत नाहीत. पिल्लाच्या बाबतीत मात्र हा नियम घातक आहे. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू रात्रभर उपाशी राहिले तर त्याच्या रक्तातील साखर उतरते व ते भुलीतून उठत नाही. त्यास दोन ते चार तासांपेक्षा अधिक उपाशी ठेवू नये, पाणी तोडू नये, आणि नेमकी वेळ पशुवैद्यांना विचारून घ्यावी.

शस्त्रक्रियेत भाटीचे दोन्ही बीजकोश व गर्भाशय पोटास लहानसा छेद घेऊन काढतात. त्यानंतर ती माजावर येत नाही. माज थांबविणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या वा इंजेक्शने स्वस्त म्हणून काही जण वापरतात. त्यांनी गर्भाशयात पू होणे व स्तनात गाठी होणे असे विकार उद्भवतात. मोकाट मांजरावर शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून भुलीतच एका कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे ते पुन्हा पकडले जात नाही.

पहिली रात्र

शस्त्रक्रिया चांगली होऊनही जी पिल्ले दगावतात त्यांतील बरीच पहिल्या रात्री गारठ्याने दगावतात. भुलीत शरीराची ऊब टिकत नाही, आणि जुन्नरची हिवाळ्यातील रात्र बोचरी असते. मांजराचे तापमान सामान्यतः ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. कान व पंजे थंडगार लागले तर ऊब द्यावी. बाटलीत गरम पाणी भरून ती गोणपाटात किंवा जाड फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या पाठीशी ठेवावी. बाटली उघडी ठेवू नये, कारण बेशुद्ध पिल्लास चटका बसला तरी बाजूस सरकता येत नाही. चुलीजवळ ठेवणे याच कारणास्तव वर्ज्य.

पिल्लू जमिनीवरच, उथळ खोक्यात, अंधाऱ्या व शांत खोलीत ठेवावे. खाटेवर वा माळ्यावर ठेवल्यास झोकांड्या देत ते खाली पडते. पाण्याचे भांडे पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ ठेवू नये. काही भुलींच्या औषधांनी डोळे उघडेच राहतात. घरची माणसे त्यामुळे घाबरतात, पण ते स्वाभाविक असते. दवाखान्यात डोळ्यांत मलम घातले आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. पिल्लू उभे राहून नीट चालू लागले की थोडे अन्न द्यावे: चमचाभर शिजवलेले बिनकाट्याचे मासे, कोंबडीचे मांस किंवा अंडे. शाकाहारी घरात अंड्यासही हरकत असेल तर मांजराचे तयार खाद्य आणावे. गायी-म्हशीचे दूध देण्याचा मोह टाळावा. पुष्कळ मांजरांना ते पचत नाही व हगवण लागते.

रात्री पिल्लू चार भिंतींच्या आतच हवे. ओसरीवरील डालग्याखाली ठेवलेले, रक्ताचा वास असलेले मांजर या तालुक्यांत कुत्रे किंवा बिबट्या ओढून नेईल.

पुढील दोन आठवडे

जखम दिवसातून दोनदा केवळ डोळ्यांनी पाहावी. टाक्यांच्या कडेस किंचित सूज व लाली पहिले काही दिवस असते. जखमेवर हळद, राख, खोबरेल तेल यांपैकी काहीही लावू नये. हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना पटवून देणे अवघड जाते, कारण माणसाच्या जखमेस हळद लावण्याचा अनुभव त्यांना असतो. परंतु मांजर लावलेले सर्व चाटून काढते आणि चाटता चाटता टाकेही उसवते. चाटू नये म्हणून गळपट्टी मिळते. ती नसेल तर जुन्या बनियनची बाही कापून तीस पायांसाठी चार भोके पाडावीत व पिल्लाच्या अंगात घालावी. शौचासाठी माती वा राख न ठेवता फाडलेली वर्तमानपत्रे ठेवावीत, म्हणजे जखमेत कण जात नाहीत. अंघोळ घालू नये. फिनेल शिंपडलेल्या जमिनीवर मांजर ठेवणेही धोक्याचे आहे.

वेदना कमी व्हाव्यात म्हणून घरातील तापाची गोळी देण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेण्यास पुरेशी आहे. वेदनाशामक औषध पशुवैद्य देतील तेवढेच द्यावे.

हिरड्या पांढऱ्या पडणे, पोट फुगणे, जखमेतून रक्त गळत राहणे, दुर्गंधीयुक्त पू येणे, बारा तासांनंतरही उठून न बसणे, मोठ्या मांजराने दिवसभर व लहान पिल्लाने त्याहून कमी वेळ अन्न टाकणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. टाके उसवून आतील भाग बाहेर दिसत असेल तर तो आत ढकलू नये. उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजविलेले स्वच्छ फडके त्यावर धरून तसेच न्यावे. वाहन नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. हाताळताना मांजराने चावा घेतला अथवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतात. आतल्या आत विरघळणारे टाके असतील तर काढावे लागत नाहीत. तोवर पिल्लास माळ्यावर चढू अथवा इतर पिल्लांशी झोंबू देऊ नये. तिसऱ्या दिवशीच ते उड्या मारू लागते, आणि खरी राखण तेव्हापासून करावी लागते.

शस्त्रक्रियेने मांजर आळशी होते व उंदीर धरीत नाही, अशी शंका शेतकरी नेहमी घेतात. शिकार ही मांजराची उपजत वृत्ती असून तिचा बीजकोशांशी संबंध नाही. भूक थोडी वाढते, म्हणून अन्न मापाने द्यावे, एवढेच.

नर पिल्लाची शस्त्रक्रिया याहून सोपी असते व जखम लवकर भरते. वयात आलेला बोका मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे भाटीस गाभण करू शकतो. तोपर्यंत त्यास वेगळा ठेवावा.

राहता राहिली पिल्लांची आई. पिल्ले पाच-सहा आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की तीस त्यांपासून वेगळी कोंडावी, दोन-तीन आठवड्यांत दूध आटल्यावर तिचीही शस्त्रक्रिया करवून घ्यावी. हाती न लागणारी भाटी असेल तर पिंजऱ्याचे दार बांधून ठेवून चार-पाच दिवस त्यातच अन्न ठेवावे. ती निर्धास्तपणे आत जाऊन खाऊ लागली की शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी दार सोडावे.