गंगा आली रे आली! पण कधी?

बालमित्रांनो, आमच्या राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगातीर्थ आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तिथं चौदा कुंडं आहेत. एरवी ती कोरडी असतात. मग एके दिवशी अचानक त्यांत पाणी येतं, काही दिवस वाहतं आणि आलं तसं नाहीसं होतं. पूर्वी दर तीन वर्षांनी गंगा येते असं म्हणत. आता तिचं वेळापत्रक काही सांगता येत नाही. म्हणूनच 'गंगा आली' ही बातमी आमच्याकडे वाऱ्यासारखी पसरते.

अशीच ती एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी पोचली. मोबाईलवर व्हिडिओ आला होता. कुंडं भरलेली, माणसांची गर्दी, कडेला प्रसादाची दुकानं! आजीनं लगेच तांब्या घेतला, रिक्षा बोलावली आणि नातीला घेऊन गुडघे दुखत असतानाही पायऱ्या चढून वर गेली. वर जाऊन बघते तो काय? कुंडं ठणठणीत कोरडी! व्हिडिओ खोटा नव्हता बरं का. तो खराच होता, पण जुना. कुठल्या वर्षाचा, ते त्यावर लिहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला म्हणाली, "बाई, मीच आजीला तो व्हिडिओ दाखवला. ती मला काहीच बोलली नाही, पण मला रडू आलं."

मी तिला काय सांगणार? मलाही असे पाच-पन्नास निरोप रोज येतात. सगळेच वाचायला गेलं तर वह्या तपासायच्या राहतात, आणि न वाचावं तर कामाचं काहीतरी निसटतं. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, की यावर काहीतरी उपाय शोधायचाच. तो शोधताना जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

धरणाचं पाणी आणि पुराचं पाणी

राजापुरात पाणी दोन तऱ्हांनी येतं. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की ते जवाहर चौकात घुसतं. न बोलावता येतं आणि सोबत चिखल, लाकडं, कचरा, सगळं घेऊन येतं. दुसरी तऱ्हा म्हणजे कोदवलीवरचं ब्रिटिशांच्या काळातलं 'सायबाचं धरण'. तिथून पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलेलं होतं. हवं तिथं, हवं तेवढं!

इंटरनेटवरच्या वाचनाचंही तसंच आहे. पुढं ढकललेले निरोप म्हणजे पुराचं पाणी. आणि धरणाच्या नळासारखी जी सोय आहे, तिचं नाव 'फीड'.

फीड म्हणजे काय? पुष्कळशी संकेतस्थळं आपल्याजवळ एक छोटीशी यादी ठेवतात. नवीन लेख आला की त्याचं शीर्षक, तारीख, पत्ता आणि थोडासा सारांश त्या यादीत चढतो. 'फीड रीडर' नावाचा प्रोग्रॅम तुमच्या वतीनं ठरावीक वेळानं ही यादी बघून येतो आणि नवीन असेल तेवढं तुमच्यासमोर मांडतो. दहा ठिकाणी हिंडायला नको. घरी पेपर टाकणारा मुलगा येतो ना, अगदी तसंच! आणि मुख्य म्हणजे प्रत्येक लेखावर बहुधा तारीख असते. आजीच्या व्हिडिओवर नेमकी तीच नव्हती.

चौदा वर्षांचा मुलगा

या पद्धतीचं नाव आरएसएस. तिची पहिली आवृत्ती 1999 मध्ये अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत तयार झाली. ती करणाऱ्यांत रामनाथन गुहा हे मूळचे भारतीय संगणकतज्ज्ञ होते. त्यांचं शिक्षण मद्रासच्या आयआयटीत झालेलं. पुढं 2000 साली तिची नवी आवृत्ती निघाली. ती ठरवणाऱ्या मंडळींत ॲरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता. त्याचं वय किती असेल? अवघं चौदा! म्हणजे तुमच्यातल्या आठवी-नववीच्या मुलांएवढाच.

2005 मध्ये गूगलनं 'गूगल रीडर' सुरू केला. तो खूप लोकप्रिय झाला, पण 1 जुलै 2013 रोजी बंदही झाला. लोकांना वाटलं, संपलं सगळं! पण फीड ही काही एका कंपनीच्या मालकीची वस्तू नव्हे. वाचकांनी आपल्या याद्या उचलल्या आणि दुसऱ्या रीडरमध्ये नेल्या. आज फीडली, इनोरीडर असे रीडर आहेत. थंडरबर्ड या मोफत प्रोग्रॅममध्येही फीड वाचता येतं. आणि तुम्ही पॉडकास्ट ऐकता ना? तेही बहुतेक आरएसएसवरूनच तुमच्यापर्यंत येतात.

आम्ही काय केलं?

आजी तांदूळ कसे निवडते, ते आठवा. आधी पाखडणं, मग खडे वेचणं, आणि मगच शिजवणं. आम्हीही तीच रीत धरली.

पहिलं काम, निवड. आम्ही फक्त सात फीड घेतली. एखादं नवीन घ्यायचं तर एक जुनं काढायचं, असा नियम केला. विषयही आपल्याजवळचेच घेतले. आमच्या तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथं जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये त्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. तेव्हा कातळशिल्पं हा एक विषय घेतला. मराठी विकिपीडियावरच्या कुठल्याही लेखाच्या इतिहासाचंही फीड मिळतं. म्हणून 'राजापूर' या लेखाचं घेतलं. त्यात कोणी काही बदललं की आम्हाला लगेच कळतं!

दुसरं काम, चाळणं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं फक्त शीर्षकं आणि तारखा बघायच्या. त्यातले दोन लेख ठेवायचे आणि बाकीच्यांना 'वाचले' अशी खूण करून मोकळं व्हायचं. सुरुवातीला हे फार जड जातं. न वाचलेल्यांचा आकडा दिसला की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. पण तो गृहपाठ नव्हे! वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचली नाहीत म्हणून कोणी आपल्याला रागावतं का?

तिसरं काम, वाचणं आणि टिपणं. वहीत चार गोष्टी लिहायच्या. तारीख, कुठं वाचलं, काय कळलं ते आपल्या शब्दांत एका ओळीत, आणि एक प्रश्न. हा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा! 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेलं रविवारी एकदा बघायचं. तोवर वाचलं नसेल तर काढून टाकायचं.

एक सांगून ठेवते. फीडमध्ये आलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि दुसरीकडं कुठं तसं सापडतं का, हे आपणच बघायचं. आणि हे सगळं आईबाबांना सांगून, त्यांच्या फोनवर करायचं. घरी इंटरनेट नसेल तर वाचनालयातली दोन वर्तमानपत्रं आणि घरच्या रद्दीतून केलेली कात्रणवही घ्या. रीत तीच!

आपल्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' सुरू केलं. सुरुवातीला ते पाक्षिक होतं. एक अंक वाचून झाला की पुढच्यासाठी पंधरा दिवस थांबायचं! तेव्हाच्या वाचकाला अंकाची वाट बघावी लागे. आज आपल्याला बातमी आल्यावर जरा थांबायला शिकावं लागतंय.

परवा पुन्हा एक व्हिडिओ आला, 'गंगा आली' म्हणून. आजी उठून तांब्या शोधायला लागली. नातीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, थांब जरा. आधी तारीख बघूया."

तारीख कुठंच नव्हती. मग तिनं आपली सातही फीड पाहिली. त्यांत गंगेचं नावसुद्धा नव्हतं. शेवटी उन्हाळ्यात राहणाऱ्या मामाला फोन लावला. "अगं, कुठली गंगा? कुंडं कोरडी आहेत," मामा म्हणाला.

आजीनं तांब्या जागेवर ठेवला आणि नातीला म्हणाली, "खरी येईल तेव्हा तूच मला सांग हो!"

मग मित्रांनो, तुमच्या वहीत आज कोणता प्रश्न लिहिणार?