परसदारच्या खोल्या

जुन्या पुण्यांतील वाड्याचें वर्णन बहुधा दिंडीदरवाजा, चौक व दिवाणखाना यांवरच थांबतें. परंतु गृहस्थाश्रमाचा निम्मा भार परसांतील ठेंगण्या कौलारू खोल्यांनीं वाहिला. गोठा, लाकडांची खोली, बंबाच्या धुरानें काळवंडलेली न्हाणी. आणि जवळच हौद. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी शहरांत आणण्याचें काम १७४९ च्या सुमारास आरंभिलें. तेंच पाणी कित्येक वाड्यांच्या हौदांत पडे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळी पोसत.

परसाच्या टोंकास संडास, आणि त्याची झडप मागल्या बोळांत उघडे. माझ्या बालपणीं तीतून टोपली ओढून मैला डोक्यावरून नेणारी बाई रोज येई. गोठ्यांतील गाईचें नांव घरांत सर्वांस ठाऊक होतें. त्या बाईचें कोणासही नव्हतें. याची लाज मला आज वाटते. तेव्हां वाटली नाहीं.

१९६१ च्या पानशेतच्या पुरांत नदीकाठचे कित्येक वाडे पडले. मैला वाहण्याच्या प्रथेस १९९३ त कायद्यानें मनाई झाली. वाडे गेले याचें दुःख अवश्य करावें. परंतु वाचकहो, परसाची आठवण काढतांना त्या झडपेचीही काढावी. आमचें सोंवळें तिच्या पलीकडील माणसांच्या डोक्यावर उभें होतें.