पुसण्याची सोय आणि जाणते वाचक

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने 1995 साली आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यातले कोणतेही पान वाचणाऱ्याला तिथल्या तिथे बदलता येई. हवाईच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. तेच नाव या साधनाला मिळाले. जानेवारी 2001 मध्ये याच धर्तीवर विकिपीडिया उभा राहिला. तो उभारणाऱ्या मंडळींचाच आधीचा ‘न्यूपीडिया’ हा कोश तज्ज्ञांचा होता. तिथे प्रत्येक लेखाला तपासणीचे सात टप्पे ओलांडावे लागत आणि पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख पार पडले. विकिपीडियाने पहिल्या वर्षाअखेर 20 हजारांच्या आसपास मजल मारली.

‘कोणीही लिहू शकतो’ हे या यशाचे नेहमी दिले जाणारे कारण मला अपुरे वाटते. खरी कळ प्रत्येक पानामागच्या ‘इतिहासा’त आहे. प्रत्येक बदलाआधीची प्रत जपली जाते, त्यामुळे पान बिघडवायला जेवढे कष्ट पडतात त्याहून कमी कष्टात ते पूर्ववत होते. म्हणूनच लिहिण्याआधीची परवानगी काढून टाकणे परवडले. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात आणि सामाईक चर्चेच्या जागेला ‘चावडी’. दोन्ही नावे फार नेमकी आहेत. धूळपाटीवरचे अक्षर पुसता येई, म्हणून शिकणारा चुकायला भीत नसे. इथे तर पुसलेलेही मागे उरते, आणि ते का पुसले याचा वाद चर्चापानावर वाचता येतो. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड हे अचाट काम आहे; पण एखादी नोंद ठरताना कोणी काय हरकत घेतली, हे छापील पान सांगू शकत नाही. शिकणाऱ्याला निष्कर्षाइतकीच ती हरकतही हवी असते.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांचा केनेडी बंधूंच्या हत्यांशी संबंध जोडणारा खोटा मजकूर 2005 मध्ये चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्याच वर्षी ‘नेचर’ने 42 वैज्ञानिक विषयांवरचे लेख तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या लेखात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने ही पद्धतच अमान्य केली. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दिसते: ज्या पानांवर जाणकारांची नजर असते ती सुधारतात, नसते ती सडतात. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाने हे फार कठोरपणे दाखवले. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने वर्षानुवर्षे हजारो लेख मोडक्या स्कॉट्समध्ये लिहिले, आणि ते चव्हाट्यावर आले 2020 मध्ये. इतिहास, चर्चापान, उलटवण्याची सोय, सगळे तिथे होते. वाचणारे नव्हते.

मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. आपली भाषा स्कॉट्सपेक्षा कितीतरी मोठी असली तरी संपादन करणारे हात थोडे आहेत. ज्यांनी आयुष्यभर शेती, कायदा, वैद्यक किंवा संगीत शिकवले त्यांनी तिथे नवा लेख लिहिला नाही तरी चालेल. आपल्या विषयाचे एक पान उघडावे, चूक दिसली तर चर्चापानावर आधारासह नोंदवावी, आणि महिन्याने पुन्हा येऊन पाहावे.