शेक : किती, कोठे आणि कोणी सांगायचे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भौतिकोपचारावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही आणि होणारही नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली आणि तिची किंमत माझ्या आज्जीला मोजावी लागली. त्या चुकीमुळे मी जे शिकलो ते आपल्या जोयडा तालुक्यातील घराघरांत कळावे, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे जवळजवळ चार महिने धार सुरूच. गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करायची, ओझे डोक्यावर घेऊन चढण चढायची. आज्जीने हे सारे पन्नास वर्षे केले. आता गुडघे धरतात. त्यावर घरचा उपाय एकच, शेक! फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट, तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी, नाहीतर गरम पाण्याची रबरी पिशवी.

त्या रात्री मी पिशवी भरून प्रथम आज्जीच्या गुडघ्यावर ठेवली. मग ती म्हणाली, "पावलं गारठलीत, तिथंही ठेव." मी ठेवली व विचारले, "पोळतंय का ग?" ती म्हणाली, "नाही रे, काहीच लागत नाही." मला वाटले, पाणी निवले असेल. मी पुन्हा कढत पाणी भरले. आज्जी झोपी गेली, मीही झोपलो. सकाळी पाहतो तो टाचेवर लिंबाएवढा फोड! ती जखम भरून यायला दीड महिना लागला.

"काहीच लागत नाही," या तीन शब्दांतच धोक्याची सूचना होती. मला ती ऐकू आली नाही. आज्जीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. या रोगात पुष्कळांच्या पावलांतील नसा हळूहळू बधिर होतात. त्वचा भाजते, पण मेंदूला निरोपच पोहोचत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले. रुग्णांची बोटे झिजत, त्याचे मोठे कारण म्हणजे वेदनाच न कळल्यामुळे होणारे भाजणे, कापणे व दुर्लक्षित जखमा. दुःख देणारी वेदना ही आपली राखणदारही असते, हे किती जणांच्या ध्यानात येते?

जखम बरी झाल्यावर गुडघ्यांसाठी आम्ही आज्जीला शहरातील एका भौतिकोपचार केंद्रात नेले. भारतात या शास्त्राचे रीतसर शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. आज या विषयाची महाविद्यालये अनेक शहरांत आहेत. तेथील मॅडम कन्नड बोलणाऱ्या, आज्जी मराठी बोलणारी. म्हणून दुभाषा मी!

मॅडमनी यंत्राला हातही लावला नाही. त्यांनी दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत गरम पाणी, दुसरीत गार. आज्जीला डोळे मिटायला सांगून त्या नळ्या आळीपाळीने तिच्या त्वचेला लावल्या. गुडघ्यावर तिने प्रत्येक वेळी बरोबर ओळखले. पावलांवर मात्र तिला दोन्ही सारख्याच वाटल्या. निर्णय झाला : गुडघ्याला शेक चालेल, पावलांना कधीही नाही. ही परीक्षा दोन मिनिटांची. ती मी घरी केली असती तर!

आता थोडे शास्त्र पाहू. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, वेदना सुसह्य होते. उपचारासाठी शरीराच्या त्या भागाचे तापमान साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. पण लाभ व अपाय यांतील अंतर फार थोडे आहे. मोरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले की, ४४ अंशांचा स्पर्श सुमारे सहा तास राहिला तरी त्वचा भाजते. ६० अंशांना मात्र काही सेकंदच पुरतात. म्हणजे उष्णतेचा हिशेब दोन रकान्यांचा आहे, एक अंशांचा व दुसरा वेळेचा. मी एकही रकाना भरला नव्हता. पाणी कढत होते, आणि वेळ? सारी रात्र!

केंद्रात वापरतात ती शेकाची पिशवी कॅनव्हासची, आत विशिष्ट माती भरलेली असते. ती सुमारे ७० ते ७५ अंशांच्या पाण्यात ठेवलेली असते. म्हणून टॉवेलाच्या सहा ते आठ घड्यांत गुंडाळूनच अंगावर ठेवतात. वेळ १५ ते २० मिनिटे आणि पाच मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा पाहायचीच. रुग्णाने पिशवीवर झोपायचे नाही. अंगाच्या भाराने घड्या दबतात व उष्णता वाढते. आपल्याकडे आधी झोंबणारा बाम चोळून मग शेकण्याची पद्धत आहे, तीही घातक. ताजी मुरगळ व सूज, पिकलेली जखम, रक्तस्राव, रक्ताची गुठळी, कर्करोगाची गाठ, अशा ठिकाणी शेक देऊ नये. मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस तरी शेक नको.

उष्णता खोलवर पोहोचवण्यासाठी शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाचे यंत्र असते. त्यात विद्युत्-चुंबकीय लहरी वापरतात. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्याच्या जवळही जाऊ नये. शरीरात बसवलेला धातू, गरोदरपण, अंगावरचे दागिने, लोखंडी खाट, ओले कपडे, साध्या घामाचे थेंबसुद्धा तेथे धोक्याचे ठरतात. तेव्हा शस्त्रक्रियेत हाडात पट्टी किंवा खिळा बसवला असेल तर तो आधी सांगितलाच पाहिजे.

दुसरा उपचार ध्वनीचा. सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. या उपचारात तर दहा ते तीस लाख कंपने असतात. विजेच्या दाबाने कंप पावणारा स्फटिक तो निर्माण करतो. कमी कंपनांचा ध्वनी खोल जातो, जास्त कंपनांचा वरवर राहतो. हवेतून तो त्वचेत शिरत नाही, परत फिरतो, म्हणून जेल लावतात. यंत्राचे डोके सतत फिरते ठेवावे लागते. एकाच जागी थांबले तर तेथील ऊती तापतात, आणि हाड ध्वनी अधिक शोषत असल्याने त्याचे आवरण लवकर दुखते. आतून खोल ठणका जाणवला की ताबडतोब सांगावे. डोळे, गरोदर स्त्रीचे पोट, पेसमेकरची जागा व कर्करोगाची गाठ येथे हा उपचार वर्ज्य आहे. मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांवरही तो टाळतात. पोटाची सोनोग्राफी मात्र निराळी; तिचा हेतू पाहणे हा असतो, तापवणे नव्हे.

तिसरा प्रकाशाचा. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले आणि १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काविळीच्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आपण पाहिली असेल. प्रकाशाच्या उपचारात पहिली काळजी डोळ्यांची, हाच त्याचा अर्थ. लेसरसाठी रुग्ण व उपचारक दोघांनीही खास चष्मा लावायचा असतो. जंबुपार किरणांची मात्रा प्रत्येकाच्या त्वचेची आधी चाचणी घेऊन ठरवतात. शेकासाठी दुकानात मिळणारा तांबडा दिवा म्हणजे अवरक्त किरणांचा. तो साधारण दीड ते दोन फूट दूर ठेवायचा. छोट्या दिव्यासाठी गणित असे की, अंतर निम्मे केले तर उष्णता दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते! "जरा जवळ सरकव" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता त्या दिवसाचा शेवटचा प्रसंग. गुडघ्यावर पिशवी ठेवून मॅडमनी विचारले, "बेच्चगिदेया, अज्जी?" म्हणजे सुखद ऊब वाटते का? बाजारहाटापुरते कन्नड आज्जीला येते. तिने हसून उत्तर दिले, "परवागिल्ला." काही हरकत नाही! मॅडमनी तरीही पाच मिनिटांनी टॉवेल उचलला. कातडी नको तितकी लाल झाली होती. मी आज्जीला मराठीत विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "चटके बसत होते रे. पण एवढ्या शिकलेल्या बाईला कसं सांगायचं? सोसवत होतं."

मॅडमनी लगेच दोन घड्या वाढवल्या आणि मला म्हणाल्या, "हे यंत्र मला फक्त आकडा सांगते. माझे खरे मोजमाप म्हणजे यांचे शब्द." मग आम्ही तिघांनी मिळून एक छोटा कोश केला. बेच्चगे म्हणजे ऊब, ते चालेल. बिसी म्हणजे गरम, ते लगेच सांगायचे. उरी म्हणजे आग, तेथे थांबायचे. 'परवागिल्ला' आणि 'सोसवतं' हे दोन शब्द आमच्या कोशातून बाद!

मित्रहो, आपल्या तालुक्यात मराठी, कोंकणी व कन्नड एकाच एस.टी.त बसून प्रवास करतात. आपल्यापैकी ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात जरूर जावे व त्यांचे नेमके शब्द पोहोचवावेत. शेक देणाऱ्याने विचारावे आणि घेणाऱ्याने न लाजता सांगावे. जेथे शरीरच सांगू शकत नाही तेथे शेक देऊच नये.

आज्जी आता काठी टेकत अंगणापर्यंत जाते. पावले गारठली की मी तिला लोकरीचे मोजे घालतो. टाचेवरचा डाग मात्र अजून आहे. रोज रात्री तिची पावले तपासताना तो मला दिसतो.