संध्याकाळचा दीड तास

ह्यांची दारू सुटावी म्हणून आमच्या घरी सगळं करून झालं होतं. देवासमोर शपथ, गळ्यात माळ, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आण. शपथ घेताना हे खोटं बोलत नव्हते, हे मी आज ठामपणे सांगते. सकाळी त्यांचा निर्धार खराच असायचा. पण संध्याकाळी कामावरून सुटून नाहूर स्टेशनाबाहेर आले, की तो टिकत नसे. म्हणून दारू सोडणाऱ्यांच्या गटाबद्दल कुणी विचारलं, तर मी पहिली गोष्ट सांगते ती वेळेची. आमच्या भागातल्या ज्या सभांना आम्ही गेलो, त्या बहुतेक संध्याकाळी भरतात, म्हणजे नेमक्या ओढ लागण्याच्या वेळी. तेवढा दीड तास माणूस बाकावर बसलेला असतो, भोवती त्याच्यासारखीच माणसं असतात आणि हातात चहा असतो.

इथे मी आमच्या गटातल्या कुणाचंच नाव लिहिणार नाही. हा गट अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, आणि ते नावच निनावी राहण्याचं आहे. छापील मजकुरात सभासदाची ओळख द्यायची नाही, ही तिथली परंपरा आहे आणि तिचा आम्हाला फार आधार वाटला.

पण गटाच्याही आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो आणि जिवावर बेतू शकतं. त्यामुळे त्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. जेवणात गुपचूप मिसळायची औषधंही नकोत. त्यातल्या काहींवर माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. कुठे जायचं तेच कळत नसेल, तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

गट शोधताना आमची अडचण पत्त्याची नव्हती. ए.ए.चं देशाचं सेवा कार्यालय मुंबईतच, भायखळ्याला आहे आणि सभा उपनगरांत ठिकठिकाणी भरतात. अडचण लाजेची होती. नाहूरच्या एका बाजूला भांडुप, दुसऱ्या बाजूला मुलुंड, आणि दोन्हीकडे ह्यांच्या ओळखीची माणसं. “कुणी पाहिलं तर?” हे एकच पालुपद. दारूच्या दुकानासमोर सगळ्यांनी पाहिलेलंच होतं, पण तो वाद मी घातला नाही. आम्ही चार स्टेशनं लांबचा गट धरला. पहिल्या गटात बोलणं बहुतेक इंग्रजीत चालायचं आणि हे गप्प बसून राहायचे. मराठी-हिंदी बोलणारा गट मिळाला तेव्हा तोंड उघडलं. एका गटात मन रमलं नाही, तर खुशाल दुसरा पाहा. फोन केल्यावर एवढं मात्र विचारा, की सभा खुली आहे की फक्त सभासदांची. खुल्या सभेला घरच्यांना बसता येतं.

आत गेल्यावर फी नाही, फॉर्म नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी. एक जण उठतो, नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपलं सांगू लागतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी पिशवी फिरते. सभासद इच्छेनुसार पैसे टाकतात, बाहेरची देणगी घेत नाहीत.

याची सुरुवातच मोठी विलक्षण आहे. १९३५ साली बिल विल्सन हा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, समोर हॉटेलचा बार. आपण पिऊ नये म्हणून त्याने फोनाफोनी करून बोलायला दुसरा दारुडा शोधला. डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन भेटला. दुसऱ्याला सावरताना स्वतः सावरायचं, हीच ए.ए.ची रीत झाली आणि १९५७ साली ती मुंबईत आली. ह्यांनीही माझं कधी ऐकलं नाही, पण गटातल्या एका रिक्षावाल्या काकांचं ऐकलं, कारण ते काका स्वतः त्यातून गेले होते. नुसत्या श्रद्धेचं हे काम नाही. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. ए.ए.कडे नेणाऱ्या नीट आखलेल्या उपचारांनी दारू पूर्ण बंद राहण्याचं प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षा जास्त दिसलं.

प्रत्येकाला हीच वाट जमेल असं नाही. व्यसनमुक्तीची केंद्रंही आहेत. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं, त्याला पु. ल. देशपांड्यांची मदत होती. राहून उपचार घेतले, तरी घरी आल्यावर फॉलोअप चुकवू नये. खरी परीक्षा घरी आल्यावरच सुरू होते.

ह्यांचं पिणं मधे एकदा पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, आता गटात तोंड कसं दाखवणार? काका घरी आले, “वहिनी, उद्या पाठवा,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारला नाही. खुर्ची पुढे केली, चहा दिला.

आणि घरच्यांसाठी, म्हणजे बायकांसाठी, आईवडिलांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ साली तो उभा करण्यात पुढाकार घेतला. बाटल्या लपवणं, ऑफिसात खोटी कारणं सांगणं, रात्रभर दाराकडे कान लावून बसणं, हे सगळं माझ्याआधी इतर बायकांनी केलेलं होतं, ते मला तिथे कळलं. परवा एका शेजारणीने विचारलं, “हे यायला तयार नाहीत, मी एकटी आले तर चालेल?” चालेल. अल-अनॉनला नवऱ्याने दारू सोडलेली असण्याची अट नाही.