सूर्य स्वस्त झाला. वीज का नाही?

भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरच्या वाटेवर, मौद्याचे औष्णिक वीज केंद्र आहे, ईशान्येस तिरोड्याचे. तिरोडा तर १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. या दोन केंद्रांची क्षमता मिळून साडेपाच हजार मेगावॉटवर जाते. वीज जिथे निर्माण होते तिथे ती स्वस्त मिळावी, ही अपेक्षा भाबडी असली तरी स्वाभाविक आहे. परंतु महावितरणच्या क्षेत्रात घरगुती दर सर्वत्र एकच असतो, मग ग्राहक तुमसरचा असो वा कोल्हापूरचा; आणि तत्त्व म्हणून ते योग्यच आहे.

प्रश्न निराळा आहे. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सौर विजेचा नीचतम दर युनिटमागे १० रुपये ९५ पैसे होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि २०२० अखेर गुजरातेत १ रुपया ९९ पैसे इतका उतरला. मग घरगुती देयक का उतरले नाही?

याचे उत्तर वीजखरेदीच्या करारांत आहे. औष्णिक केंद्राला दोन प्रकारची रक्कम द्यावी लागते: जळलेल्या कोळशाची, आणि वीज घेतली वा न घेतली तरी केंद्र सज्ज ठेवल्याबद्दलची. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने हा धडा पूर्वीच दिला होता. २००१ मध्ये तत्कालीन वीज मंडळाने ती वीज घेणे थांबविले, तेव्हा वाद केवळ युनिटच्या दराचा नव्हता, न घेतलेल्या विजेच्या आकाराचाही होता. दुपारी स्वस्त सौर वीज आली म्हणजे कोळसा वाचतो. स्थिर खर्च वाचत नाही. शिवाय कचेरीतला कारकून घरी परततो, विद्यार्थी दिवा लावून बसतो, वैशाखाच्या रात्री घरोघर कूलर चालू होतात, त्या वेळी सूर्य मावळलेला असतो. विजेची खरी टंचाई तेव्हाची, आणि महागाईही तेव्हाचीच.

अशा स्थितीत २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असा तिचा आवाका. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये अनुदान. तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेस कमाल ७८ हजार. हेतू उत्तम, यात शंका नाही. तथापि हे अनुदान कोणाच्या पदरात पडते, हे तपासले पाहिजे. एक किलोवॉटच्या संचास सुमारे शंभर चौरस फूट निर्वेध छप्पर लागते, आणि ते स्वतःच्या मालकीचे असावे लागते. पवनी किंवा लाखांदूरकडील कौलारू घर, भंडाऱ्यातील भाड्याच्या दोन खोल्या, तीन भावांच्या सामाईक वाड्यातला एक हिस्सा: यांना हे छप्पर आणायचे कोठून?

त्याहून गंभीर बाब दराच्या पायऱ्यांची आहे. पहिल्या शंभर युनिटांच्या दराहून तीनशेपुढच्या युनिटांचा दर दुपटीपेक्षा अधिक असतो. दरमहा चारशे युनिटे वापरणारा संच बसवितो तेव्हा त्याची सर्वांत महाग युनिटे वाचतात. ऐंशी युनिटे वापरणाऱ्याची स्वस्त युनिटेच वाचतात. म्हणजे लाभ मोठ्या ग्राहकास अधिक. आणि लहान ग्राहकाचा दर सावरून धरण्यास ज्याचे पैसे उपयोगी पडत, तोच देयकातून अंशतः बाहेर पडतो. वाहिन्या, रोहित्रे, कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो आणि उरलेल्यांवर वाटला जातो. राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांना वाढीव अनुदान देण्याचे ठरविले, ते या दृष्टीने योग्य पाऊल होय. पण छपराची अडचण त्याने सुटत नाही.

याउलट कृषी वाहिन्यांवर सौर प्रकल्प उभारण्याची, २०१७ मध्ये सुरू झालेली राज्याची योजना अर्थशास्त्राच्या कसोटीवर अधिक उतरते. भंडाऱ्यात उन्हाळी धानाला पाणी लागते ते नेमके भर उन्हाच्या दिवसांत. दुपारचे ऊन आणि दुपारचा मोटारपंप यांचा मेळ आपोआप बसतो. जंगलालगतच्या बांधीत रात्री ओलितासाठी जाण्याचे संकट टळते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज २०२४ पासून मोफत आहे. ती मोफत असली तरी फुकट तयार होत नाही. तिचा भार शासनाच्या तिजोरीवर आणि इतर ग्राहकांवर पडतोच. तो पुरवठा जितका स्वस्त होईल, तितका हा भार हलका.

हाच विचार घरांनाही लावता येईल. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच एका ठिकाणच्या सौर संचाची वीज अनेक ग्राहकांच्या देयकांत वाटून देण्याची वाट मोकळी केली. जिल्हा परिषदेच्या शाळांची छपरे, बाजार समित्यांची गुदामे, ग्रामपंचायतींच्या पडीक जागा भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत आहेत. तेथे संच उभारून शंभर युनिटांखालील भाडेकरूच्या आणि कौलारू घराच्या नावे त्यातील हिस्सा जमा करावयाचा, तर अनुदान छपराऐवजी मीटरला जोडावे लागेल.