जयंतीत एक संध्याकाळ कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी

वाशिमकरांनो, यंदा ११ ते १४ एप्रिलच्या फुले-आंबेडकर जयंती कार्यक्रमांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला आणि साहित्याला एक संध्याकाळ द्या. त्यांच्याशी आपलं नातं जुनं आहे! जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून.

कार्यक्रमात काय वाचायचं? आपल्या वाशिमचे नामदेव कांबळे यांची साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी ‘राघववेळ’ आणि सोबत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’. तुम्ही आणखी काय सुचवाल?